एका चंद्राचे दोन चंद्र : चष्म्याच्या काचेत लपलेला लोलक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रमजानची २९ तारीख होती. खजूर तोंडात टाकून, मगरीबची नमाज अदा करून आमच्या मोहल्ल्यातली अर्धी मंडळी गच्चीवर चढली होती. नागपूरचं आकाश पश्चिमेकडे अजून लालसर होतं. कुणीतरी घरातली जुनी दुरबीन आणली. चंद्राची बारीक कोर सापडली आणि दुरबीन एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाची पाळी आली. त्याने दुरबीन डोळ्यांना लावली आणि ओरडला, "अरे, दोन चंद्र आहेत!" सगळे हसले. कुणी म्हणालं, "मग ईदीपण दोनदा घे." आम्ही त्याला एक डोळा बंद करायला सांगितलं. चंद्र एकच झाला. दुसरा डोळा बंद करायला लावला, तरी एकच. दोन्ही डोळे उघडले की परत दोन.

दुरबीन आदल्या वर्षी जिन्यावरून पडली होती, असं मालकाने नंतर सांगितलं. काच फुटली नव्हती, म्हणून ती ठीक आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. आत बसवलेला लोलक, म्हणजे प्रिझम, मात्र जागेवरून जरासा सरकला होता.

हा किस्सा आम्ही विसरलो असतो. पण ईदच्या सुट्टीनंतर शाळेत एका मुलीचं प्रकरण समोर आलं आणि दोन्ही गोष्टींचं मूळ एकच निघालं. म्हणून हा लेख. मुलांच्या चष्म्यावर आपण पैसे खर्च करतो, पण त्या काचेत नेमकं काय चालतं हे फारसं कुणी समजावून सांगत नाही.

"तिला चष्मा मानवतच नाही"

मुलगी सहावीत होती. तिसऱ्या बाकावर बसायची. फळ्यावरचं न पाहता शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. चाचणीत मार्क घसरले. अम्मीला शाळेत बोलावलं तर त्या म्हणाल्या, "सर, आधी हुशार होती हो. आता लक्षच देत नाही." आम्ही डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तपासले, तर दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ४. म्हणजे २५ सेंटिमीटरच्या, एका वीतभर अंतराच्या पलीकडचं तिला स्पष्ट दिसतच नव्हतं. फळा तर फार दूर राहिला.

चष्मा झाला. ईदची घाई होती, तिला आवडलेली मोठी फ्रेम घेतली आणि दोन दिवसांत चष्मा हातात आला. तरी मुलगी तो घालेना. डोकं दुखतं, मळमळतं, अक्षरं हलतात, अशी तक्रार. घरच्यांनी पुन्हा नंबर तपासून घेतला. तोच निघाला. मग निष्कर्ष निघाला की हिला चष्मा मानवतच नाही. चष्मा कपाटात गेला. दादीने वर सुनावलं, "बरंच झालं. मुलीच्या नाकावर चष्मा बसला तर उद्या रिश्ता कसा यायचा?" इतकंच नाही, सातवीनंतर शाळा बंद करून तिला घरीच शिवणकाम शिकवावं, अशीही कुजबुज सुरू झाली होती.

नंबर बरोबर होता, मग चुकलं काय? ते कळायला आधी लोलक समजून घ्यावा लागेल.

मसूरची डाळ आणि काचेचं भिंग

काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यात पेन्सिल तिरकी ठेवा. पाण्याच्या पातळीवर ती मोडल्यासारखी दिसते. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, काचेत शिरला की त्याचा वेग साधारण २ लाखांवर येतो. तिरक्या वाटेने आत शिरताना वेग बदलला की त्याची दिशाही वळते. दहावीच्या पुस्तकात याला अपवर्तन म्हणतात, उर्दू शाळेत इनइताफ.

लोलक म्हणजे पाचरीसारखा काचेचा तुकडा. एक बाजू जाड, दुसरी निमुळती. जाड बाजूला पाया म्हणायचं, निमुळत्या बाजूला टोक. यातून जाणारा प्रकाश नेहमी जाड पायाकडे वळतो. पाहणाऱ्याला मात्र वस्तू उलट बाजूला, टोकाकडे सरकलेली दिसते. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं सोपं आहे.

आता दोन लोलक घ्या आणि त्यांचे जाड पाये एकमेकांना चिकटवा. मध्ये जाड आणि कडेला पातळ असा आकार तयार होतो. हे झालं बहिर्गोल भिंग, अधिक नंबरचं. वरचा लोलक प्रकाश खाली वळवतो, खालचा वर वळवतो आणि किरण पुढे एका ठिकाणी भेटतात. उलट केलं, म्हणजे टोकाला टोक जोडलं, तर मध्ये पातळ आणि कडेला जाड आकार होतो. हे अंतर्गोल भिंग, उणे नंबरचं. ते किरणांना फाकवतं. खऱ्या भिंगाचा पृष्ठभाग गोलसर असतो, म्हणजे त्यात असंख्य बारीक लोलक ओळीने बसलेले आहेत असं समजा. अगदी मधोमध दोन्ही पृष्ठभाग समांतर असतात, म्हणून तिथून सरळ आलेला किरण न वळता निघून जातो. जसजसं कडेला जाल, तसतसा किरण जास्त वळतो. त्या मधल्या बिंदूला भिंगाचं केंद्र म्हणतात. आमच्या विद्यार्थिनीची सगळी कहाणी या बिंदूभोवती आहे.

जाता जाता एक गंमत. उर्दूत भिंगाला अदसा म्हणतात आणि अरबीत अदस म्हणजे मसूर. इंग्रजीतला लेन्स हा शब्दही लॅटिनमधल्या मसूरच्या नावावरून आला. दोन्हीकडच्या लोकांना काचेचा तो फुगीर तुकडा पाहून स्वयंपाकघरातला डाळीचा दाणाच आठवला.

डोळ्याला चष्मा का लागतो

आपल्या डोळ्यातही भिंग आहे. पण प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम समोरचा पारदर्शक पडदा, पारपटल करतं. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरली तर त्यातले ४० हून थोडे जास्त पारपटलाचे. आतलं भिंग उरलेलं काम करतं आणि जवळचं-दूरचं पाहताना आपला आकार बदलतं. सगळे किरण मागच्या दृष्टिपटलावर बरोबर जुळले की चित्र स्पष्ट.

नेत्रगोल थोडा लांबट झाला तर किरण पडद्याच्या आधीच जुळतात. मग जवळचं दिसतं, दूरचं धूसर. ही निकटदृष्टिता. उपाय उणे नंबर. नेत्रगोल आखूड असेल तर किरण पडद्याच्या मागे जुळू पाहतात. त्याला अधिक नंबर. चाळिशी आली की आतलं भिंग ताठर होतं, जवळचं पाहताना ते पुरेसं फुगत नाही. मग कुरआन शरीफची तिलावत करताना किंवा सुईत दोरा ओवताना हात लांब करावा लागतो. हा आजार नाही, वय आहे. वाचायचा चष्मा लावला की काम झालं.

डोळ्यात प्रकाश बाहेरून येतो, म्हणून आपल्याला दिसतं, हे आज शाळेतलं पोर सांगेल. पण एके काळी मोठमोठे विद्वान मानत होते की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन लागतात. हे मत पुराव्यासह मोडून काढणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव इब्न अल-हैसम यांचं. त्यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसऱ्यात झाला आणि १०४० च्या आसपास कैरोत त्यांचं निधन झालं. त्यांचं 'किताबुल मनाझिर' सात भागांत आहे. पुढे त्याचा लॅटिनमध्ये अनुवाद झाला, १५७२ साली तो बाझल शहरात छापला गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी तो अभ्यासला. त्यांच्याही आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादचे इब्न सहल यांनी भिंगांवर लिहिताना प्रकाश किती वळेल याचा भौमितिक नियम वापरला होता. तोच नियम युरोपात १६२१ मध्ये स्नेल यांनी मांडला आणि आज त्यांच्याच नावाने शिकवला जातो.

ही नावं आपल्या मुलांना माहीत असावीत. पण नुसता अभिमान बाळगून भागत नाही. इब्न अल-हैसम यांची खरी देणगी म्हणजे ऐकलेल्यावर विश्वास न ठेवता स्वतः करून पाहणं. चष्म्याच्या बाबतीतही आपल्याला तेच करायचं आहे.

नंबरची पर्ची कशी वाचायची

डोळे तपासल्यावर जो कागद मिळतो, तो बहुतेक घरांत थेट दुकानदाराच्या हातात जातो. एकदा तो स्वतः वाचून पाहा.

एसपीएच हा गोल नंबर. उणे म्हणजे दूरचा, अधिक म्हणजे बहुतेक वेळा जवळचा. तो डायॉप्टरमध्ये असतो. १ ला नंबराने भागलं की भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये मिळतं. नंबर २ असेल तर अर्धा मीटर, ४ असेल तर पाव मीटर.

सीवायएल म्हणजे सिलिंडर नंबर. पारपटल चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल नसेल, तर एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट दिसतात. त्यासाठी हा नंबर. त्याच्यासोबत ॲक्सिस लिहिलेला असतो, १ ते १८० अंश. ही काच फ्रेममध्ये फिरली तर नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं.

एडीडी म्हणजे वाचण्यासाठी वाढवलेला नंबर, चाळिशीनंतरचा.

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत ते बहुधा ६० ते ६५ च्या आसपास भरतं, लहान मुलांत त्याहून कमी. अनेक पर्च्यांवर ही जागा रिकामीच राहते. ती रिकामी असेल तर चष्मा करताना हे अंतर मोजलं जाईल याची खात्री आपण करून घ्यायची.

काही मोजक्या पर्च्यांवर प्रिझमचाही रकाना भरलेला असतो. त्याबद्दल पुढे बोलू.

केंद्र सरकलं की भिंगाचा लोलक होतो

आता त्या मुलीकडे परत येऊ. भिंगाच्या मधोमध पाहिलं तर प्रकाश सरळ येतो. केंद्र सोडून बाजूने पाहिलं तर आपण एका लोलकातून पाहत असतो. म्हणजे काच डोळ्यासमोर नीट बसली नाही, तर डॉक्टरने लिहून न दिलेला लोलक आपल्या डोळ्यावर चढतो.

तो किती, याचा हिशेब सोपा आहे. प्रेंटिस नावाच्या अमेरिकी चष्मातज्ज्ञाने तो १८९० च्या सुमारास मांडला. केंद्र किती सेंटिमीटर सरकलं त्याला नंबराने गुणायचं. उत्तर येतं प्रिझम डायॉप्टरमध्ये. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटरवरची वस्तू १ सेंटिमीटर सरकलेली दिसणं.

मुलीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर होतं ५६ मिलिमीटर. चष्म्यातल्या दोन केंद्रांमधलं अंतर निघालं ६४. म्हणजे प्रत्येक काचेचं केंद्र ४ मिलिमीटर, ०.४ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला. ०.४ गुणिले ४ म्हणजे १.६. दोन्ही डोळे मिळून ३.२ प्रिझम डायॉप्टर. ५ मीटरवरच्या फळ्यावर याचा अर्थ काय होतो? एकाच अक्षराची दोन डोळ्यांना दिसणारी चित्रं १६ सेंटिमीटर एकमेकांपासून लांब.

मग तिला दोन फळे का दिसत नव्हते? कारण मेंदू हार मानत नाही. तो डोळ्यांच्या स्नायूंना ओढून दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो. या चष्म्यात तिचे दोन्ही डोळे एकाच वेळी बाहेरच्या बाजूला वळवावे लागत होते. आपले डोळे आत, नाकाकडे वळायला सरावलेले असतात. वाचताना आपण तेच करतो. बाहेर वळायची त्यांची ताकद फार थोडी. दिवसभर ही ओढाताण चालली की डोकं दुखणार, मळमळणार आणि स्नायू थकले की अक्षरं हलणार. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिचे डोळे रात्रंदिवस ओझं उचलत होते आणि आपण म्हणत होतो, लक्ष देत नाही.

दुरबीनीत नेमकं हेच झालं होतं. तिच्या दोन नळ्यांतून येणाऱ्या चित्रांची दिशा एकमेकांपासून इतकी फाकली होती की मेंदूलाही ती जुळवता आली नाहीत. म्हणून दोन चंद्र.

नंबर कमी असेल तर हा दोष फारसा जाणवत नाही. अर्ध्या नंबराच्या चष्म्यात ४ मिलिमीटरची चूक ०.२ वरच थांबते. नंबर जितका मोठा, तितकी चूक महाग. आणि एक काच वर, एक खाली असा फरक तर डोळे आणखी कमी सहन करतात. म्हणून कुणी चष्म्यावर बसलं आणि फ्रेम वाकडी झाली, तर "चालतंय की" म्हणू नका. दुकानात नेऊन सरळ करून घ्या. मोठ्या भावाचा जुना चष्मा धाकट्याला चढवणं तर अजिबातच नको.

घरी कसं तपासाल

लागतं काय? दाराची उभी चौकट, पुसता येणारं मार्कर पेन आणि मोजपट्टी.

चष्मा चेहऱ्यापासून फूटभर लांब, सरळ धरा. एक डोळा मिटा. एका काचेतून चौकटीची उभी कड पाहा. काचेच्या आत दिसणारी कड आणि काचेच्या वर-खाली दिसणारी कड बहुधा जुळणार नाही, रेष तुटलेली दिसेल. चष्मा हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. एका जागी रेष सलग होईल. काचेवर त्या रेषेवर बारीक खूण करा. दुसऱ्या काचेचंही तसंच करा. आता दोन्ही खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि पीडीशी ताडून पाहा. मग मुलाला चष्मा घालून दूर समोर पाहायला सांगा. खुणा बाहुल्यांच्या समोर यायला हव्यात.

याच वेळी आणखी एक गोष्ट दिसेल. उणे काच उजवीकडे सरकवली की आतलं चित्रही उजवीकडे जातं, अधिक काचेत ते उलट डावीकडे पळतं. मुलांना ही गंमत फार आवडते.

एक-दोन मिलिमीटरचा फरक आपल्या मोजण्यातलाही असू शकतो. सिलिंडर नंबर असेल तर ही पद्धत अंदाजापुरतीच. आणि डॉक्टरने मुद्दाम प्रिझम दिला असेल तर खुणा बाहुलीसमोर येणारच नाहीत, ते बरोबरच आहे. मोठा फरक दिसला तर भांडू नका. पर्ची आणि चष्मा घेऊन जा, दुकानातल्या मशीनवर केंद्र तपासून द्या म्हणा. तो आपला हक्क आहे.

आम्ही त्या मुलीच्या अब्बूंना शाळेच्या दारावर हेच करून दाखवलं. त्यांनी स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, मग गप्प झाले. काचा बदलल्या, फ्रेमही लहान, चेहऱ्याला बसेल अशी घेतली. चारच दिवसांत डोकेदुखी थांबली. आठवडाभराने तिने फळ्यावर आम्ही लिहिलेल्या शब्दातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. इतक्या आनंदाने आम्ही चूक कधीच दुरुस्त केली नव्हती.

लोलक दवाही असतो

जो लोलक चुकून आला तर त्रास देतो, तोच मोजून दिला तर इलाज होतो. आमच्या शेजारच्या एका बुजुर्गांना बरीच वर्षं साखरेचा आजार. एके दिवशी फजरला मशिदीत गेले तर समोर दोन इमाम दिसू लागले. रस्त्यावर एका स्कूटरच्या दोन स्कूटर. घरच्यांनी कमजोरी म्हणून दोन दिवस काढले, मग डॉक्टरकडे नेलं. डोळा बाहेर वळवणाऱ्या नसेवर परिणाम झाला होता, त्यामुळे एक डोळा आत ओढला गेला होता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, साखर आटोक्यात आणली आणि तोवर चष्म्याच्या एका काचेवर प्लॅस्टिकची पातळ, बारीक रेघांची चकती चिकटवली. तिला फ्रेनेल प्रिझम म्हणतात. जाडजूड लोलकाऐवजी त्याच कोनाच्या बारीक बारीक पाचरी ओळीने कोरलेल्या असतात. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपस्तंभाचं अवजड भिंग हलकं करायला हीच युक्ती वापरली होती. ही चकती डोळा सरळ करत नाही. डोळा जिकडे वळला आहे, तिकडेच प्रकाश वळवून आणते. मग दोन चित्रं जुळतात. साखरेमुळे झालेला असा त्रास बऱ्याचदा काही महिन्यांत कमी होतो आणि चकती काढून टाकता येते.

यातून एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. अचानक एकाचे दोन दिसू लागले तर एक-एक डोळा झाकून पाहा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर चित्र एकच होत असेल, तर डोळ्यांची जोडी जुळत नाहीये. साखर, रक्तदाब, क्वचित मेंदूतला बिघाडही यामागे असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एक डोळा झाकूनही दुसऱ्याला दोनच दिसत असतील, तर दोष बहुधा त्या एका डोळ्यात असतो, जसं मोतीबिंदू किंवा सिलिंडर नंबर. तेही दाखवायचंच, पण प्रकरण वेगळं.

तिरळेपणाच्या प्रत्येक प्रकारात प्रिझम चालत नाही. कुठे साधा चष्मा पुरतो, कुठे ऑपरेशन लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दुरबीनीत लोलक कशाला?

दुरबीनीचं पुढचं मोठं भिंग चंद्राचं चित्र बनवतं, पण ते उलटं असतं, खालचं वर आणि डावं उजवीकडे. इटलीच्या पोरो यांनी १८५४ मध्ये यावर तोड काढली. नळीत दोन लोलक एकमेकांशी काटकोनात बसवायचे. काचेच्या आत प्रकाश ४५ अंशांनी जाऊन आदळला तर बाहेर पडत नाही, पूर्णच परत फिरतो. आरशाची गरजच उरत नाही. दोन लोलकांत मिळून चार वळणं घेतली की चित्र सुलटं होतं, आणि लांब वाट घडी घातल्यासारखी छोट्या नळीत मावते. दुरबीनीवर १० × ५० लिहिलेलं असेल तर १० पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं आहे.

दुरबीनीने पाहिलेल्या चंद्राचा फैसला उलेमांनी करायचा, तो आमचा विषय नाही. पण शिक्षक म्हणून एक ताकीद जरूर देऊ. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय मुलांच्या हातात दुरबीन देऊ नका. भिंगाने कागद जळतो, तसाच दृष्टिपटल जळतो आणि तो परत येत नाही.

लोलक रंगही वेगळे करतो. मोठ्या नंबरवाल्यांना काचेच्या कडेने दिव्याभोवती निळी-लाल किनार दिसते ती यामुळेच. हे सगळं मुलांना हाताने करून दाखवायचं असेल तर गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात घेऊन जा. ज्यांचं नाव त्या केंद्राला आहे, ते सी. व्ही. रामन तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात होते आणि १९१० च्या सुमारास नागपुरातच नोकरीला होते. पुढे प्रकाशावरच्या कामासाठी १९३० चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

उशीर करू नका

लहान मुलाच्या एका डोळ्याला कमी दिसत असेल तर ते सांगत नाही. त्याला माहीतच नसतं की दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसायला हवं. चांगल्या डोळ्यावर त्याचं भागतं आणि मेंदू दुसऱ्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत कळलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यानेही बरंच सुधारतं. वय वाढलं की हे कठीण होत जातं. म्हणून शाळेत नाव घालायच्या आधी एकदा डोळे तपासून घ्या. घरीही खेळता खेळता एक-एक डोळा झाकून दूरचं काय दिसतं ते विचारा. एक डोळा झाकला की मूल चिडून हात झटकत असेल, तर ती खूण समजा.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. नंबर वाढतो कारण मूल वाढतं आणि त्याचा डोळाही. रोज एक-दोन तास बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता कमी आढळते. तेव्हा मोबाइल घ्या आणि मैदान द्या. काच घेताना पॉलिकार्बोनेटची घेतली तर चेंडू लागला तरी सहज फुटत नाही.

पैशांची अडचण असेल तर थांबू नका. मेयो आणि मेडिकल या दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत जाऊन तपासणी होते. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कागद मिळाला तर तो दप्तरात विसरू नका.

राहिला प्रश्न रिश्त्याचा. ती मुलगी आता दहावीत आहे, पहिल्या बाकावर नाही, मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते आणि तिथून फळा वाचते. मागच्या महिन्यात तिची दादी शाळेत आली होती. आम्हाला वाटलं जुना विषय काढेल. तिने थैलीतून आपलाच चष्मा काढला आणि म्हणाली, "सर, हिने दाराशी धरून मोजला. म्हणते, दादी, तुझापण वाकडा आहे. जरा बघून द्या."

आम्ही बघून दिला. खरंच वाकडा होता.